चर्या

खसबला सकाळी सहालाच टेपचं पातं ओलं होतं.
मी फांजीवरून चालते, कोपऱ्यापासून मोजत:
पहिली चर्या, रुंदी बासष्ट, उंची एकशे अठरा.
दुसरी, बासष्ट, एकशे सोळा.
तिसरी पडलेली.
तिच्या जागी कबुतरांची घाण आणि मागे खाडी.

ऑफिसच्या नकाशात या सगळ्याला एकच शब्द, पॅरापेट.
वहीत मी माझे लिहिते: फांजी, चर्या, जंगी.
आमच्या गावाला किल्ला नव्हता, पारसुद्धा सिमेंटचा.
सातवीत कुठल्याशा स्पर्धेसाठी पाठ केले होते,
बक्षीस मिळालं नाही,
शब्द राहिले.

सहावीतली जंगी बाकीच्यांपेक्षा वीतभर खाली.
राखणदार ओबैद म्हणतो, इथे उभा राहायचा तो बुटका होता,
माझ्या आजोबांचा मामा.
दुसरा माणूस मिळत नव्हता,
म्हणून भिंत बदलली.
मी वाकून डोळा लावते.
छिद्र आतून रुंद, बाहेर बोटभर:
आतल्याला अख्खी खाडी,
बाहेरच्याला नुसती एक काळी रेघ.
शेळ्या उतरवून इराणच्या लाँचा परत निघाल्यात,
फ्रिज दोरीनं आवळलेले.

खाली बुरोंडकर सारूज मळतोय.
दाभोळकडचा, चुन्यात मुरलेला हात.
म्हणतो, बाई, भिंत काय, कोणी पण बांधील.
शेवटचे तीन थर चढवताना मात्र
माणूस डोळ्यापुढे धरावा लागतो.
कुठं टेकेल, कुठं वाकेल,
कुठनं मरेल.
मग तो पुढं बोलला नाही, आणि मी विचारलं नाही.

कॅम्पच्या गच्चीला कठडा वीतभर.
पावसाचं पाणी अडवण्यापुरता, म्हणजे कशापुरताच नाही.
जुलैत एसी बंद पडला की सगळे वर झोपतात
चटईला चटई लावून,
आणि कडेची जागा नव्या आलेल्याची.
लोकेंद्र, बाजुराचा, तेवीस वर्षांचा.
झोपेत कूस बदलली.
अहवालात लिहिलं, निष्काळजीपणा.
कुणाचा, असा रकाना नव्हता.

इकडे किल्ल्यावर चाल करून येणारं आता कुणी नाही,
तरी बाराव्या कलमात मीच लिहिलंय:
चर्यांची मूळ उंची कायम राखावी.

चर्या म्हणजे आमच्यात चेहराही,
हे ओबैदला सांगायला गेले, अरबी तोकडं पडलं.
स्वतःच्या तोंडाभोवती बोट फिरवलं, मग तटाकडे दाखवलं.
हो हो, तो म्हणाला, दात. पडलेले.
आणि हसला. त्याचेही दोन नव्हते.

शुक्रवारी कुंपणाच्या कामातले उरलेले ब्लॉक,
पिकअपच्या दोन खेपा.
बुरोंडकर आणि सात जण.
परवानगी नाही, नकाशा नाही,
दोरी, ओळंबा आणि चार भाषांतला आरडाओरडा.
मी टेप काढला. तो म्हणाला, ठेवा.
सगळ्यांत उंच म्हणून मर्दानच्या गुलरेझला कडेशी उभं केलं,
सदऱ्यावरच, छातीवर, पेन्सिलीनं रेघ मारली
आणि तिथवर थर चढवले.
गुलरेझ संध्याकाळपर्यंत ती रेघ पुसत होता, शिव्या देत.

लोकेंद्र झोपायचा त्या बाजूला
खालच्या थरातला एक ब्लॉक गाळला.
वारा यायला, म्हणाले.

रविवारी ऑफिसात मापं उतरवताना
हे कुठल्या तक्त्यात घालावं कळेना.
शेवटी किल्ल्याच्याच पानावर, तेविसाव्या चर्येखाली, लिहिलं:
कठडा, कॅम्प क्रमांक दोन.
उंची, गुलरेझची छाती.
जंगी एक,
कोपरावर रेललेल्या माणसाच्या डोळ्याला लागेल अशी.